क्षारप्रयोगापूर्वी मूत्राचा पीएच पाहावा

नव्या घटातील स्वच्छ जलातही कालांतराने गाळ साचतो, त्याप्रमाणे अश्मरी उत्पन्न होते, असा दृष्टांत सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात दिला आहे. रसायनशास्त्र याच क्रियेचे टप्पे सांगते. मूत्रातील कॅल्शियम व फॉस्फेट विद्राव्यतेची मर्यादा ओलांडतात, सूक्ष्म कण एकत्र येऊन स्फटिककेंद्र तयार होते आणि त्यावर थर चढत जातात. सायट्रेट व मॅग्नेशियम ही वाढ रोखतात.

मालवण किनाऱ्याच्या उष्ण, दमट हवेत घाम फार जातो व मूत्र गाढ होते. म्हणून भरपूर जलपान हा पहिला उपचार होय. कुळथाचे स्थान त्यानंतरचे.

येथे एक सावधानता आवश्यक आहे. यूरिक आम्लाची अश्मरी क्षारीय मूत्रात विरघळते. कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक मात्र पीएच ६.५ च्या वर गेल्यास अधिक वेगाने वाढतात. त्यामुळे यवक्षारासारखे कल्प सर्व अश्मरींत सरसकट देणे अहितकर ठरू शकते. पीएच पट्टीने ताज्या मूत्राची परीक्षा करावी. मूत्र सतत क्षारीय असून ज्वरही असेल, तर जंतुसंसर्गाची तपासणी विनाविलंब करवून घ्यावी. औषधविक्रेत्यांनीही वैद्याच्या सल्ल्याविना क्षारकल्प देऊ नयेत.