गाडीची गोळी आणि झोपेची गोळी: एकत्र घेण्याआधी विचारा



एसटी घाटात वळणं घ्यायला लागली की आपल्यातल्या कितीतरी जणींना गाडी लागते. मग निघायच्या आधी मेडिकलमधून 'उलटीची एक गोळी द्या' असं सांगून आपण गोळी घेतो. ही गोळी साधीच, असं आपण धरून चालतो. पण घरात कोणी झोपेची गोळी घेत असेल, तर आजचा पाठ नीट वाचा. गटात मोठ्याने वाचून दाखवलात तर आणखी चांगलं.

समजा, एक 65 वर्षांची आजी आहे. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी ती रोज रात्री घेते. एक दिवस संध्याकाळच्या एसटीने ती लेकीकडे निघाली. गाडी लागू नये म्हणून सुनेने तिला उलटीची गोळी दिली. रात्री पोचली, जेवली आणि नेहमीची झोपेची गोळी घेतली. मध्यरात्री लघवीला उठली तेव्हा डोळ्यांवर झापड होती. पाय लटपटले, उंबऱ्याशी तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. सगळे म्हणाले, अंधारात पाय घसरला. गोळ्यांचा विचार कोणी केलाच नाही.

असं का होतं?

गाडी लागू नये म्हणून घेतात त्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. प्रोमेथाझिन हे त्यातलं एक औषध. ॲव्होमिन नावाच्या गोळीत तेच असतं. त्याची गुंगी कधी कधी 12 तासांपर्यंत टिकते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या गोळ्याही मेंदूचं काम मंदावतात. संध्याकाळी एक आणि रात्री दुसरी घेतली, की दोघींचा जोर एकावर एक चढतो. मग तोल जातो, बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो. जास्तच झालं तर श्वास मंद होतो.

उलटीच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

1. प्रोमेथाझिन: गुंगी जास्त. झोपेच्या गोळीबरोबर जपून.
2. मेटोक्लोप्रमाइड: यानेही सुस्ती येते. काही जणांची, विशेषतः तरुण मुलींची, मान किंवा जबडा आखडतो.
3. ओंडानसेट्रॉन: गुंगी फारशी येत नाही. पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. झोपेसाठी कधी कधी अमिट्रिप्टिलिन देतात, त्यानेही हे होऊ शकतं. म्हणून दोन्ही चालू असतील तर डॉक्टरांना माहीत असायला हवं.

कोणाला धोका जास्त?

वय झालेल्यांना, श्वासाचा किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांना, झोपेत श्वास अडकणाऱ्यांना आणि दारू पिणाऱ्यांना. गरोदर बाईने तर स्वतःच्या मनाने कोणतीच गोळी घेऊ नये. 2 वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कधीच देऊ नका, त्याचा श्वास थांबू शकतो.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. झोल्पिडेम बायकांच्या शरीरातून पुरुषांपेक्षा सावकाश बाहेर पडतं. म्हणून 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने बायकांसाठी त्याची साधी मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणायला सांगितलं. नवऱ्याला चालते तेवढी गोळी आपल्यालाही चालेल, असं समजू नका.

मग करायचं काय?

- उलटीची गोळी घेताना मेडिकलमध्ये झोपेच्या गोळीची पट्टी दाखवा. गोळ्या काढताना पट्टीवरचं नाव शाबूत ठेवा.
- झोपेची गोळी घेते हे सांगायला लाज वाटते, खरं आहे. पण डॉक्टरांपासून, आशाताईंपासून ते लपवू नका. ते दुखण्यावरचं औषध आहे, गुन्हा नाही.
- प्रवासाच्या दिवशी झोपेच्या गोळीचं काय करायचं, हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. बरेच दिवस चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने झटके येऊ शकतात.
- डॉक्टर कधी कधी दोन्ही गोळ्या मुद्दाम देतात. तेव्हा मात्रा आणि वेळ त्यांनी सांगितली तशीच पाळा.
- गुंगी असताना स्कूटी, विळी, चूल यांपासून लांब राहा. रात्री दिवा चालू ठेवा. म्हाताऱ्या माणसाला एकटं उठू देऊ नका.
- गाडी लागत असेल तर आधी साधे उपाय करा. पुढच्या बाजूला खिडकीशी बसा, लांब समोर बघा, हलकं खाऊन निघा, मोबाईल बघू नका.

हे दिसलं तर थांबू नका

हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नाही, श्वास फार संथ आहे, ओठ निळसर पडलेत, तर लगेच 108 ला फोन करा. कुशीवर झोपवा. तोंडात पाणी, चहा काहीच घालू नका. गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या घरात कोण कोण रोज गोळ्या घेतं? त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत का?
2. शेजारणीची उरलेली गोळी आपण कधी घेतली आहे का?
3. आजीच्या गोष्टीत सुनेने कोणता एक प्रश्न विचारायला हवा होता?

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा. आशाताईंना बोलावू आणि प्रत्येकीची यादी एका कागदावर लिहून घेऊ. तो कागद बचतीच्या पासबुकातच ठेवा, म्हणजे दवाखान्यात जाताना शोधावा लागणार नाही.