पिवळं दिसलं की युरिया?

आपल्या हॉस्टेलमध्ये बरेच जण शेतकऱ्याच्या घरचे आहेत. घरून फोन आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "पीक पिवळं पडलंय, युरिया टाकायचाय." पण पिवळं पीक म्हणजे नत्र कमी, हे समीकरण दर वेळी बरोबर येत नाही. निदान चुकलं तर गोणीचे पैसे जातात, मजुरी जाते आणि पिकाच्या वाढीचे मोलाचे दिवसही जातात. म्हणून हा छोटासा धडा.

नत्र म्हणजे आपला केमिस्ट्रीतला नायट्रोजन. हवेत तो ७८ टक्के आहे, पण ज्वारी, मका, गहू, भात यांना तो हवेतून सरळ घेता येत नाही. त्यांना तो जमिनीतून, मुळांवाटेच मिळतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. साहजिकच नत्र घटला की हिरवेपणा घटतो.

आधी कोणतं पान पिवळं झालं?

सगळी मेख या प्रश्नात आहे. नत्र झाडात एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतो. घरात कमी असलं की आई-वडील आपल्या ताटातलं मुलांना वाढतात ना, तसंच झाड जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या पानांना देतं. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी होतात, वरची त्या मानाने हिरवी राहतात. मक्यात हे फार स्पष्ट दिसतं. खालच्या पानाच्या टोकापासून पिवळेपणा सुरू होतो आणि मधल्या शिरेवरून आत सरकतो. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आकार तयार होतो, कडा मात्र काही दिवस हिरव्या असतात. भात आणि गव्हात शेत फिकट दिसतं, वाढ खुंटते, फुटवे कमी येतात.

मग बाकीचे पिवळेपण कशाचे?

१) पालाश कमी : खालचीच पाने, पण कडा पिवळ्या पडून करपतात.
२) गंधक कमी : आधी वरची, नवी पाने पिवळी.
३) लोह कमी : नवीच पाने, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त दिसतं.
४) जस्त कमी : मक्याच्या नव्या पानांवर बुडाकडे, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे.
५) पाणी साचलेलं : मुळांना हवा मिळत नाही, म्हणून जमिनीत नत्र असूनही झाड तो घेऊ शकत नाही. इथे आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं. साचलेल्या पाण्यात युरिया टाकला तर बराचसा वायाच जातो.

आणि पीक पक्व होताना खालची पाने वाळतात, तो काही रोग नव्हे.

भातासाठी एक सोपं साधन आहे, पानांच्या रंगाचा तक्ता. प्लॅस्टिकच्या पट्टीवर हिरव्या रंगाच्या चढत्या छटा असतात. शेतातली दहा निरोगी झाडे निवडून, वरचं पूर्ण उघडलेलं पान आपल्या सावलीत धरून छटेशी ताडून बघायचं. दहापैकी सहा किंवा जास्त पाने त्या वाणासाठी ठरलेल्या छटेपेक्षा फिकी असतील, तर नत्र द्यायचा. दर वेळी एकाच माणसाने, साधारण एकाच वेळी बघावं, नाहीतर रीडिंग चुकतं. खालची पाने पिवळी होण्याची वाट बघावी लागत नाही, हा मोठा फायदा.

युरियात ४६ टक्के नत्र असतो, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. गरज नसताना दिला तर पीक माजतं, लोळतं आणि किडीही वाढतात.

तर दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात की रब्बी ज्वारीत एक चक्कर मारा. वाकून आधी खालचं पान बघा, मग वरचं. दुकानात गोणी आणायला जायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा!