अंगदुखीच्या आड

१. बाई अंगाचं सांगते, मनाचं सांगत नाही. उपकेंद्रावर आरोग्यसेविका होते तेव्हा "अंग मोडून येतंय", "छातीत धडधडतं", "हातापायाला मुंग्या येतात" हे रोजचंच. "सिस्टर, रडूच येतं हो" हे मात्र केसपेपर घेऊन निघताना, दारात उभं राहून. म्हणून बाई उठली की मी वही मिटत नसे.

२. तरी सगळं मनाच्या माथी मारू नये. थायरॉईड कमी पडलं तरी उदास वाटतं, रक्त कमी असलं तरी धडधडतं. बाईला हृदयविकाराचा झटका आला तर छातीत कळ येईलच असं नाही; जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, धाप लागते. आधी ईसीजी आणि रक्ततपासणी. "टेन्शन घेऊ नका" हे काही औषध नव्हे.

३. गिळलेला राग जिरत नाही. चेहरा हसरा ठेवला तरी मान-खांदे ताठलेलेच राहतात, झोप उडते, रात्री दात खाल्ले जातात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या हृदयविकाराच्या अभ्यासात २००७ साली एक गोष्ट पुढे आली. नवऱ्याशी वाद झाला की तोंड मिटून घेणाऱ्या बायकांमध्ये दहा वर्षांतला मृत्यूचा धोका बोलणाऱ्या बायकांच्या चौपट आढळला. पुरुषांत तसं दिसलं नाही. गप्प बसल्यानंच त्या गेल्या, असं यातून सिद्ध होत नाही. पण सोशिक सुनेचं कौतुक करणाऱ्यांनी हा आकडा एकदा वाचावा.

४. आपल्या आज्या गप्प नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, सगळं त्यांत आहे. भोंडल्यात तर फेर धरून सासरची उघड टिंगल चालायची आणि वर खिरापत मिळायची! गिरणी आली, कष्ट वाचले, उत्तम झालं. पण पहाटे जात्यावर बसून बोलायची ती हक्काची जागाही गेली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोलावं, तर तिथे नणंद असते.

५. मोकळं व्हायला नवराच हवा असं नाही. बहीण, शेजारीण, बचत गटातली एखादी पुरते; अट एकच, तिनं मध्येच सल्ला देऊ नये.

६. मारहाण होणाऱ्या घरात "बोलून टाक" हा उपदेश अंगाशी येतो. तिथे त्या घटकेला गप्प राहणं हाही शहाणपणा असतो. संधी मिळताच १८१ ही महिला हेल्पलाइन लावावी.

७. दोन आठवडे झोप नाही, जेवण गोड लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर मैत्रिणीवर भागवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या प्रत्येक बाईच्या मोबाइलमध्ये तो आजच घालून द्या.