एरर आली की आधी थांबा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले. टाळेबंदीमुळे आम्ही सॉफ्टवेअरवाले तेव्हा गावी घरूनच काम करत होतो. त्या पावसाळ्यात वीज परत आली तरी टिकत नसे. एका दुपारी ‘गिट पुल’ चालू असतानाच ती गेली, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्यावर एकामागून एक एरर येऊ लागल्या. किनाऱ्यावर राहून असं काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली तक्रार ‘इंडेक्स.लॉक’ ही फाइल आधीच असल्याची होती. गिट नोंदी लिहीत असताना दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये म्हणून ही फाइल बनते आणि काम संपलं की गिटच ती काढून टाकतं. काम अर्धवट तुटलं तर ती मागे राहते. एडिटरमध्ये किंवा दुसऱ्या टर्मिनलमध्ये गिट चालू नाही ना, हे पाहा आणि मगच ती एवढी फाइल काढा. वैतागून अख्खं ‘.गिट’ फोल्डर उडवू नका. सगळा इतिहास त्यातच असतो.

खरं दुखणं त्यानंतर कळलं: एक ऑब्जेक्ट फाइल रिकामी होती. डिस्कवर नाव उमटलं होतं, मजकूर मात्र मेमरीतून खाली उतरण्याआधीच वीज गेली होती. अशा वेळी सर्वांत आधी पूर्ण प्रोजेक्ट फोल्डरची जशीच्या तशी प्रत दुसरीकडे ठेवा. मग ‘गिट एफएससीके’ चालवून काय बिघडलंय ते पाहा. सर्व्हरवर पाठवलेलं काम तिथे शाबूत असतं, म्हणून मी वेगळ्या फोल्डरमध्ये नवा क्लोन घेतला. मी ज्या कमिटवर काम करत होतो तिथूनच ब्रँच काढली आणि मग माझ्या बदललेल्या फाइली तिच्यात आणल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या फाइली थेट ताज्या कोडवर टाकल्या, तर सहकाऱ्यांचे नवे बदल पुसले जातात. गिटची आवृत्तीही जुनी ठेवू नका. एप्रिल २०२२च्या २.३६ आवृत्तीपासून मजकूर डिस्कवर पक्का उतरवण्याबाबत नेमकी सेटिंग्ज मिळाली आहेत.

वीज असतानाही पुल अडतं. ‘तुमचे बदल पुसले जातील’ असं गिट म्हणालं, तर आधी ‘गिट स्टेटस’ पाहा. बदल कमिट करा किंवा स्टॅशमध्ये ठेवा. साधा स्टॅश नव्या, गिटला माहीत नसलेल्या फाइली उचलत नाही. त्यासाठी ‘-यू’ जोडावं लागतं. ब्रँच फुटल्याची एरर आली, तर मर्ज की रिबेस हे तुम्हाला ठरवायचं असतं. इतरांपर्यंत पोचलेल्या कमिट रिबेस करू नका.

नेटवर्क डळमळीत असेल तेव्हा पुलऐवजी आधी ‘फेच’ करा. ते मध्येच तुटलं तरी तुमच्या चालू फाइलींना हात लागत नाही.

‘रिसेट --हार्ड’ किंवा ‘क्लीन’ने एरर गप्प होते, पण सोबत तुमचं कामही जाऊ शकतं. कमिट केलेलं बहुधा ‘रिफ्लॉग’मधून परत मिळतं, त्या नोंदी साधारणपणे ९० दिवस राहतात, कुठल्याही ब्रँचवरून पोचता न येणाऱ्या कमिटच्या ३०. कमिट न केलेले बदल मात्र बहुधा गिटकडे नसतात, मग ते परत कुठून देणार? गिट अडून बसतं तेव्हा बहुतेक वेळा ते तुमचंच काम राखत असतं. म्हणून संदेश शेवटपर्यंत वाचा, प्रत काढा, मगच कमांड द्या. आणि आभाळ भरून आलं की अर्धवट काम असलं तरी स्वतःच्या ब्रँचवर कमिट करून सर्व्हरवर पाठवा.