सहभागी निरीक्षण : आपली वस्ती आपण कशी पाहावी?



आपल्या वस्तीत अधूनमधून पाहणी करणारे येतात. हाती छापील प्रश्नावली असते. धर्म कोणता? शिक्षण किती? घरात पूजा कोणाची? आपण सांगतो, "आम्ही बौद्ध. घरात फक्त बुद्ध आणि बाबासाहेब." तो कागदावर खूण करतो आणि पुढच्या दाराशी जातो. मागच्या खोलीतली देवळी त्याला दिसत नाही. पोर तापाने फणफणले म्हणजे आजी कोणाचा अंगारा आणते, हे त्याला कळत नाही. मुलीचे लग्न ठरविताना पोटजात कशी हळूच विचारली जाते, हेही त्याच्या कागदावर येत नाही. आपले उत्तर खोटे नसते. परंतु ते पुरेही नसते.

मग पुरते सत्य कसे कळावे? समाजशास्त्रात व मानवशास्त्रात यासाठी एक पद्धत रूढ आहे. तिला सहभागी निरीक्षण म्हणतात. धम्मकार्य करणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घेणे अगत्याचे आहे. म्हणून आजचा हा पाठ.

पद्धतीचे स्वरूप

ज्या लोकांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यात जाऊन दीर्घकाळ राहावे, त्यांची भाषा बोलावी, त्यांच्या कामात, सणात व दुखवट्यात भाग घ्यावा आणि जे दिसेल, ऐकू येईल ते रोजच्या रोज टिपून ठेवावे, ही ती पद्धत होय. प्रश्नावली घेऊन येणारा दारात उभा राहून विचारतो. सहभागी निरीक्षक चुलीपाशी बसतो. माणूस सांगतो काय आणि करतो काय, यांतील अंतर त्याला हळूहळू दिसू लागते.

ही पद्धत नावारूपास आणणारे शास्त्रज्ञ म्हणजे ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्हस्की. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांना ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिले. गावातच तंबू ठोकून त्यांनी तेथील लोकांचे रोजचे जीवन पाहिले आणि १९२२ साली आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ साली, त्यांची खाजगी रोजनिशी छापली गेली. ज्या लोकांत ते राहिले त्यांच्याविषयीचा वैताग व तुच्छता तीत जागोजागी आढळली, आणि विद्वानांना धक्का बसला. लोकांत राहिल्याने मन आपोआप निर्मळ होत नाही, हा यातील पहिला धडा.

मुखवट्यांचे गाव

दुसरा धडा आपल्याच देशातला आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेराल्ड बेरेमन १९५७-५८ साली गढवालच्या डोंगरातील एका खेड्यात अभ्यासासाठी राहिले. गावात बहुसंख्य लोक राजपूत व ब्राह्मण. अस्पृश्य मानलेल्या कारागीर जाती थोड्या. आरंभी लोकांना वाटले, हा मिशनरी असावा किंवा सरकारचा हेर. बेरेमन यांचा दुभाषी व सहायक मैदानी मुलखातला तरुण ब्राह्मण होता. त्याच्यासमोर उच्चवर्णीय गावकरी आपण मांस खातो, दारू पितो, देवाला बळी देतो हे लपवीत. कारण मैदानातला ब्राह्मण आपल्याला हलके मानील ही धास्ती. आणि खालच्या जातींचे लोक तर त्याच्यापुढे मोकळेपणाने बोलतच नसत.

काही महिन्यांनी तो सहायक आजारी पडला व काम सोडून गेला. त्याच्या जागी एक प्रौढ मुस्लिम शिक्षक आले. ते हिंदूंच्या जातीच्या उतरंडीबाहेरचे. उच्चवर्णीय सुरुवातीला त्यांच्याशी अंतर राखून वागले. पण खालच्या जातींचे लोक बोलू लागले. पूर्वी ज्याचा थांगपत्ता नव्हता, ते बाहेर येऊ लागले. गाव तेच आणि संशोधकही तोच. शेजारी बसणारा माणूस तेवढा बदलला होता. १९६२ साली बेरेमन यांनी या अनुभवावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच मुखवटे हा शब्द आहे.

म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात १९४८ साली राहिलेले एम. एन. श्रीनिवास हे आपल्याकडील ख्यातनाम समाजशास्त्रज्ञ. जन्माने ब्राह्मण, मुक्काम पाटलाच्या आश्रयाने. गाव आपल्याला वरच्या जातींच्या बाजूने दिसले, याची त्यांनाही जाणीव होती. उलट जोन मेन्चर यांनी दक्षिण भारतातील क्षेत्रकार्याच्या आधारे १९७४ साली जातिव्यवस्था खालच्या बाजूने पाहून मांडली, तेव्हा त्यांना तेथे परस्परसहकार्य नव्हे, तर पिळवणूक दिसली. म्हणून कोणताही अभ्यास वाचताना आधी विचारा : हा मनुष्य गावात कोणाच्या ओसरीवर बसला होता?

चाळीसगावचा टांगा

यावर कोणी म्हणेल, मग आपणच आपला अभ्यास केला म्हणजे झाले. आपल्या माणसापुढे मुखवटा कसला? बंधूंनो, इतके सोपे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मानवशास्त्राचे अभ्यासक होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला होता. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले. हे शास्त्रीय अर्थाने सहभागी निरीक्षण नव्हे. पण धडा आपल्या विषयाचाच आहे. एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवर आपल्या लोकांनी हार घातले. परंतु महारवाड्याकडे कोणी नेईना. भाड्याचे टांगे समोर उभे असताना तासभर खोळंबा का, हे बाबासाहेबांना उमगेना. अखेर एक टांगा आला. वाटेत पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा व टांगा नदीत कोसळले. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

खरा प्रकार त्यांना मागाहून कळला. अस्पृश्य उतारू म्हणून कोणीही टांगेवाला यावयास तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी जावे हे लोकांना सहन होईना. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकण्याची सवय नसलेल्या आपल्यातल्याच एकाने तो हाकला.

विचार करा. गाऱ्हाणी ऐकण्यासाठीच आलेल्या आपल्या नेत्यापासून लोकांनी त्या क्षणीचे गाऱ्हाणे लपविले! दुष्टपणाने नव्हे, प्रेमाने व मानापोटी. आपली माणसे आपल्यापुढेही मुखवटा घेतात. धम्माचा कार्यकर्ता दारी आला की देवळीवर पडदा ओढला जातो, तो याच कारणाने.

अभ्यासकासाठी चार नियम

१. आधी आपली जागा लिहा. आपण मंडळाचे पदाधिकारी, शिक्षक, पुरुष की सून? कोणते दार आपल्याला उघडे आहे व कोणते बंद, हे वहीच्या पहिल्या पानावर असावे. स्त्रियांचे दुःख पुरुष कार्यकर्त्याला पुष्कळदा कळत नाही. तेथे भगिनींनीच अभ्यास करावा.

२. पाहिले ते वेगळे, ऐकले ते वेगळे आणि आपल्याला वाटले ते वेगळे लिहा. सतिपट्ठानात साधक शरीर, वेदना व चित्त यांकडे जसे आहे तसे पाहतो. मनात राग वा तिटकारा उठला तर तोही टिपा. मॅलिनोव्हस्कींनी रोजनिशीत जे वेगळे ठेवले, तेच आपण अभ्यासाचा भाग करावे.

३. विश्वासघात करू नका. आपण काय करीत आहोत ते लोकांना सांगा. नावे गुप्त ठेवा. चुलीपाशी ऐकलेले सभेत बोलू नका.

४. दोष आढळला की निवाडा देण्याआधी कारण शोधा. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, ही तर तथागतांची शिकवण. आजी अंगारा आणते ती हट्टाने, की दवाखाना दूर आहे म्हणून, की नातू दगावेल या भीतीने? बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्याने ती भीती जात नाही. रात्री तिच्याबरोबर दवाखान्यात कोणी गेले, तर जाईल.

आपले दोष लिहिल्यास विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी शंका काही बांधव घेतात. शंका अगदीच अनाठायी नाही. म्हणून तिसरा नियम. परंतु जे आपण पाहणारच नाही, ते बदलणार कसे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेली दीक्षा ही जीवन बदलण्याची दीक्षा होती. ते किती बदलले, हे प्रश्नावलीच्या खुणेवरून नव्हे, घराघरांतील जगण्यावरूनच कळेल. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, असे सांगणाऱ्या धम्माच्या अनुयायांनी पाहण्यास भिऊ नये.

स्वाध्याय

अ. आपल्या वस्तीतील कोणत्या घरी आपण वर्षभरात एकदाही बसलो नाही? का?

आ. पुढील पंधरा दिवस रोज एक पान लिहा. शेवटी पाहा : त्यात पाहिलेले किती आणि आपले मत किती?

इ. आपण स्वतः कोणापुढे कोणता मुखवटा घेतो?

जय भीम! नमो बुद्धाय!