ठोसा मारून पंचाकडं बघू नकोस

॥ श्री येडेश्वरी प्रसन्न ॥

कळंब, जि. धाराशिव
५ डिसेंबर २०२४

चि. छकुलीस,


तुझा फोटो मिळाला. नाक सुजलेलं, ओठाला चीर, आणि खाली तू लिहिलंयस, ‘आत्या, बाबांना दाखवू नकोस.’ तो आला तेव्हा माझा मोबाइल तुझ्या बाबांच्याच हातात होता. दादा त्या रात्री धड जेवला नाही. वहिनी एवढंच म्हणाली, ‘पोरीच्या जातीला नाक फोडून घ्यायची हौस कुठून आली?’ मी काही बोलले नाही. जे बोलायचं ते आधी तुझ्याशी, आणि ते फोनवर उरकण्यासारखं नाही.

तुला नाकापेक्षा दुसरंच काही दुखतंय, हे कळतंय मला. तिसरीत असल्यापासून तू कराटे केलंस. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे पट्टे घामानं मिळवलेस. आणि पुण्यात जाऊन बॉक्सिंग सुरू केल्यावर, जिनं सहा महिन्यांपूर्वी पहिल्यांदा ग्लोव्हज घातले, त्या मुलीनं तुला एका फेरीत दोरीला लावलं. ‘माझी दहा वर्षं वाया गेली का?’ असं विचारतेस.

गेली नाहीत. पण ती दहा वर्षं आता दोन ढिगांत वेगळी करावी लागतील. मी बॉक्सिंगची जाणकार नाही, तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकलेली बाई आहे. तरी तू पाठवलेला स्पॅरिंगचा व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि जे दिसलं ते सांगते. अंतराचा अंदाज तुझा पक्का आहे, पाय हलके आहेत, समोरचीचा खांदा हलला की तुला आधी कळतं. हा ढीग सोबत ने. दुसऱ्या ढिगात तीन सवयी आहेत. एका हातानं मारताना दुसरा कमरेला ओढायचा, हे तू हजारदा गिरवलंयस. इथं तो हात गालाशी हवा, तो खाली गेला आणि तिथंच तुझं नाक सापडलं. दुसरी, हनुवटी ताठ. कराटेतला काता करताना ती शोभते, रिंगमध्ये ती खांद्याआड लपवायची असते. तिसरी सवय सगळ्यांत खोल आहे. कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, एक चांगला ठोसा बसला की पंच ‘यामे’ म्हणून थांबवतात आणि गुण देतात. त्यामुळं ठोसा बसला की तू क्षणभर थांबतेस. मी व्हिडिओ थांबवून पाहिलं, तू चक्क बाजूला बघतेस, कुणी ‘शाब्बास’ म्हणेल म्हणून. बॉक्सिंगमध्ये कुणी थांबवत नाही. तू दाद मागत उभी असतेस तेवढ्यात समोरचीचे दोन ठोसे येऊन जातात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पिंजऱ्यातल्या लढतींचा जगज्जेता कॉनर मॅकग्रेगर २०१७ मध्ये मेवेदर या बॉक्सरपुढं बॉक्सिंग करायला उतरला आणि दहाव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. एका घरचा वस्ताद दुसऱ्या घरी उमेदवारच असतो. म्हणून काळा पट्टा कपाटात ठेव आणि क्लबात ‘मला काही येत नाही’ असं म्हणून जा. ते खोटं नाही, निम्मं खरं आहे.

आणि अशी दुसऱ्या खेळातून येऊन पुढं गेलेलीही आहे. आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातली लवलिना बोर्गोहाईं आपल्या जुळ्या मोठ्या बहिणींच्या मागं मुय थाय शिकायला गेली. त्यात लाथा, गुडघे सगळं चालतं. पुढं प्रशिक्षक पदुम बोरो यांनी तिला बॉक्सिंगमध्ये आणलं. म्हणजे लाथ मारायची सवय पायातून काढून टाकावी लागली असणार. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तिनं ६९ किलो गटात कांस्यपदक घेतलं आणि २०२३ मध्ये दिल्लीत ७५ किलो गटात ती जगज्जेती झाली. आपल्याकडं नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये युवा गटात जगज्जेत्या झाल्या. पुण्यात राहून तू देविकाचं नाव ऐकलं नसशील तर कान धरीन.

आता जरा माझं ऐक. बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. तुझे आजोबा, म्हणजे आमचे अण्णा, तालमीत जायचे. दादाबरोबर मलाही पहाटे उठवायचे आणि मागल्या अंगणात जोर-बैठका काढायला लावायचे. कुस्तीच्या डावांत माझी ढाक दादापेक्षा बरी बसायची, विचार त्याला, खोटं बोलणार नाही. आजोळच्या जत्रेत फड भरला. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात, तसल्या रांगेत मीही जाऊन बसले. केस कापलेले होते, कुणाला कळलं नाही. माझ्या जोडीचा पोरगा मी खाली घेतला, छातीवर बसले, आणि पंचाकडं बघितलं. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, ‘अरे, ही तर पोरगी हाय!’ पंचांनी दंडाला धरून मला उठवलं आणि फडाबाहेर नेऊन बसवलं. रेवड्या त्या पोराला मिळाल्या. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला पहाटे उठवलं नाही.

पुढं मी खो-खो खेळले, क्रीडाशिक्षिका झाले, कितीतरी मुलींना मैदानावर आणलं. पण कुठलीही गोष्ट केली की आधी कुणाच्या तरी तोंडाकडं बघायचं, ही सवय काही गेली नाही. तुझ्या व्हिडिओत ती दिसली म्हणून मी चार वेळा पाहिला.

माझ्याही आधी हमीदा बानू होती. उत्तरेकडची पहिलवान, पुरुषांशी कुस्ती खेळायची. १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानाला तिनं एक मिनिट चौतीस सेकंदांत पाडलं. पण आपल्या महाराष्ट्रात काय झालं? कोल्हापुरात तिनं पुरुष मल्लाला हरवल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगड फेकले. पुण्यात रामचंद्र साळुंखेशी ठरलेली तिची कुस्ती कुस्तीसंघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. तिनं मुख्यमंत्री मोरारजी देसाईंपर्यंत तक्रार नेली. उत्तर आलं की कारण बाईपणाचं नाही, आयोजक तिच्यापुढं बनावट मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत. कारण काहीही असो, आखाडा बंदच राहिला. बडोद्यातल्या त्या कुस्तीनंतर ६९ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. टीव्हीवर ते पाहताना मी एकटीच होते, आणि बरं झालं एकटी होते.

ऑलिंपिकचंही तेच. बायकांचं बॉक्सिंग तिथं आलं थेट २०१२ मध्ये, लंडनला, तेही तीनच वजनगटांत. त्याच वर्षी मेरी कोमनं पदक आणलं. तेव्हा तू सात वर्षांची होतीस. म्हणजे ज्या दारातून तू जातेयस ते जुनं नाही, अजून त्याचा रंग वाळतोय.

आता कामाच्या चार गोष्टी.

डोकं सांभाळ. नाक बरं होतं, डोकं दुसरं मिळत नाही. ठोशानं डोकं गरगरलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तर त्या दिवशी हेडगार्ड उतरव आणि डॉक्टरकडं जा. लढतीत डोक्याला मार बसून कुणी नॉकआउट झाली तर किमान ३० दिवस तिला रिंगमध्ये उतरू देत नाहीत. हा नियम भित्र्यांसाठी केलेला नाही. ‘थोडं सहन कर’ म्हणणारा प्रशिक्षक भेटला तर क्लब बदल.

वजनाशी खेळू नकोस. विनेश फोगाट त्याआधी ५३ किलोत खेळायची, पॅरिस ऑलिंपिकला ५० किलोत उतरली आणि अंतिम कुस्तीच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद झाली. लवलिनाचा ६९ किलोचा गट ऑलिंपिकमधून गेला तेव्हा ती वर ७५ मध्ये चढली. तू चढणारी हो. उपाशी राहून, घाम काढून लहान गटात शिरू नकोस. भाकरी खा, शेंगदाणे खा, अंडी खा. कुंथलगिरीचे पेढे मात्र यंदा पाठवत नाही.

प्रमाणपत्राच्या मोहात पडू नकोस. कराटेत तू पाहिलंयस, गल्लोगल्ली संघटना आणि सगळ्यांच्या स्पर्धा ‘राष्ट्रीय’. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण खरं आहे, पण त्याआधी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद तिथं रद्दी ठरतो. स्पर्धेची फी भरण्याआधी विचारून घे.

चौथी गोष्ट बाबांची. ‘स्वसंरक्षणासाठी शिकतेय’ असं त्यांना सांगू नकोस. कराटेच्या वेळी आपण तेच सांगितलं होतं, आणि ते लगेच पटलं, कारण पोरीनं घाबरून काही शिकलेलं चालतं, आवडीनं शिकलेलं चालत नाही. आता खरं सांग. मला हे आवडतं म्हण. दादा दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी विचारील, ‘पुढची मॅच कधी?’ त्यालाही ते अंगण आठवतंय. फोटो पाहून त्या रात्री उठताना तो दारात थांबला आणि म्हणाला, ‘तुझी ढाक चांगली होती गं.’ पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

शेवटी निकाल पंचच देतील. रिंगभोवती पाच बसलेले असतात, फेरी जिंकणारीला दहा गुण देतात, कधी चुकतातही. तो त्यांचा धंदा. तुझा धंदा एवढाच, गेलेला हात गालाशी परत आणायचा आणि दुसरा सोडायचा.

संक्रांतीला येशील तेव्हा शेतात हुरडा असेल. येताना ग्लोव्हज आण. अंगणात मी दोन्ही हातांवर उशा बांधून उभी राहीन, तू मार. हात परत आला नाही, किंवा मारून माझ्या तोंडाकडं बघितलंस, तर उशीनं टाळक्यात हाणीन.

तुझी,
आत्या