नौकेवरील दुर्बीण कशी निवडावी

दुर्बीण विकत घेण्यास निघालेला मनुष्य दुकानदारास पहिला प्रश्न विचारतो तो हा, "ही किती पट मोठें दाखविते?" डोंगरमाथ्यावर उभें राहून पाहणारास हा प्रश्न शोभेल, नौकेवर बसणारानें तो सर्वांत शेवटीं विचारावा असें आमचें मत आहे. किनाऱ्यावरच्या गांवांतून येणाऱ्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं मचवे आहेत. दुर्बिणीवर खर्च होणारा पैसा हा त्या घरीं कष्टानें मिळविलेला पैसा असतो. तो केवळ मोठ्या आंकड्याला भुलून जाऊं नये, म्हणून हा विचार.

प्रत्येक दुर्बिणीवर ७×५० किंवा १०×५० असे दोन आंकडे कोरलेले असतात. पहिला पटींचा, दुसरा पुढील मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. सातपट म्हणजे ७०० मीटरांवरील बोया १०० मीटरांवर असल्यासारखा दिसतो. मग वीसपट कां घेऊं नये? कारण दुर्बीण जशी वस्तु वाढविते, तशी हाताची थरथरही तितकीच वाढविते. जमिनीवर निदान हातच काय तो हालतो. होडींत हात, माणूस आणि पायाखालची फळी सारेंच हालतें. बोयाचा रंग ओळखावा तों तो दृष्टीच्या वर्तुळाबाहेर निसटलेला असतो. शिवाय पट वाढली कीं दिसणारा प्रदेश आकुंचित होतो. ७×५० दुर्बिणींतून १००० मीटरांवरील सुमारें १२० मीटर रुंदीचा पट्टा एकदम दिसतो, आणि हालत्या नौकेवर ही रुंदी फार मोलाची आहे. पट कितीही वाढविली तरी पृथ्वीची गोलाई कांहीं पुसली जात नाहीं. पाण्यापासून डोळा २ मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारें ५ किलोमीटरांवरच राहणार.

आतां ५० ला ७ नें भागा. भागाकार ७ मिलिमीटरांहून किंचित् अधिक येतो. डोळ्याकडील भिंगांतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची ही जाडी होय. अंधारांत तरुण मनुष्याच्या डोळ्याची बाहुली सुमारें ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे ती सारी शलाका डोळ्यांत शिरते. ८×३० दुर्बिणींत हाच भागाकार ४ पेक्षांही कमी. तिन्हीसांजा झाल्या कीं तिच्यांतून पाणी व आकाश एकच करडें दिसूं लागतें. दिवा न लावलेली होडी किंवा जाळ्याचे तरंडे ओळखण्याची गरज नेमकी त्याच वेळीं असते. (वयाबरोबर बाहुली तितकी उघडेनाशी होते, हें आम्ही मास्तर लोकांनीं मुकाट्यानें मान्य करावें.) दिवसां बाहुली दोनतीन मिलिमीटरांचीच असते, तेव्हां एवढी जाड शलाका व्यर्थ, असें कोणी म्हणेल. परंतु नौका डोलूं लागली म्हणजे दुर्बीण डोळ्यासमोरून थोडी इकडे तिकडे सरते. शलाका जाड असल्यास चित्र काळें पडत नाहीं. लहान दुर्बिणी खरेदी करणारे ही गोष्ट सहसा विसरतात.

भारतांतील बंदरांत शिरतांना तांबडा बोया डाव्या हातास व हिरवा उजव्या हातास ठेवावयाचा असतो. संधिप्रकाशांत तांबडा रंग सर्वांच्या आधीं काळा पडतो. त्या वेळीं बोयाचा आकार, पिंपासारखा कीं शंकूसारखा, यावरूनच निर्णय करावा लागतो, आणि चुकल्यास तळ खडकाला लागतो.

टायटॅनिक जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं हिमनगावर आदळलें, तेव्हां डोलकाठीवरील पहारेकऱ्यांजवळ दुर्बीण नव्हती. ती असती तर हिमनग थोडा आधीं दिसला असता, असें त्यांपैकीं फ्रेडरिक फ्लीट यानें चौकशींत सांगितलें. आम्हांस हें सर्वस्वी पटत नाहीं. दुर्बीण समुद्राचा एक चिंचोळा तुकडा दाखविते; सारें क्षितिज न्याहाळावयाचें तें उघड्या डोळ्यांनींच, आणि कांहीं संशयास्पद दिसलें म्हणजे तें काय आहे हें ठरविण्यास दुर्बीण लावावी.

दुकानांत पारख कशी करावी? दुर्बीण हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे करावी, सूर्याकडे मात्र कदापि नव्हे. मागील भिंगांत प्रकाशाचें वाटोळें दिसेल. तें पूर्ण गोल असावें. कडा चौकोनी व करड्या दिसल्यास आंतील लोलकांची कांच हलकी समजावी. नंतर दिव्याचें प्रतिबिंब पुढील भिंगांत पाहावें. तें पांढरें शुभ्र असेल तर भिंगावर लेप नाहीं. लेपावांचून कांचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारें ४ टक्के प्रकाश परत फिरतो. अशीं दहा पृष्ठें ओलांडतां एकतृतीयांश प्रकाश वाटेंतच खर्ची पडतो. हा लेप जर्मनींत १९३५ सालीं अलेक्झांडर स्माकुला यानें शोधला. शेवटीं दूरची एखादी सरळ रेषा, गच्चीचा कठडा म्हणा, पाहत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्यावी. दोन्ही नळ्यांतील रेषा एकमेकींच्या वरखालीं झाल्या तर नळ्या समांतर नाहींत. अशी दुर्बीण घेतल्यास डोकेंदुखी पदरीं पडते.

नौकेसाठीं प्रत्येक डोळ्याची जुळणी स्वतंत्र असलेली दुर्बीण उत्तम. एकदां जुळविली कीं थोड्या अंतरापलीकडचें सर्व स्पष्ट दिसतें, फिरवाफिरव नको. नळ्या जलाभेद्य व आंत कोरडा नत्रवायु भरलेल्या असाव्यात. नाहींतर आपल्या कोंकणच्या पावसाळ्यांत भिंगांवर आंतून धुकें धरतें आणि मागाहून बुरशी येते, ती घरीं निघत नाहीं. चष्मा लावणारानें चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतें कीं नाहीं हें पाहूनच पैसे द्यावे. विजेच्या घटावर चालणाऱ्या, थरथर आपोआप थोपविणाऱ्या दुर्बिणी आतां मिळतात; त्यांत बारा वा चौदा पट चालते. परंतु त्या फार महाग, आणि घट संपला कीं थरथर पुन्हां आपलीच.

घरीं आल्यावर भिंगें कोरड्या फडक्यानें पुसूं नयेत. वाळलेल्या मिठाचे कण लेपावर ओरखडे काढतात. दुर्बीण जलाभेद्य असल्यास आधीं गोड्या पाण्याची धार सोडावी, मग मऊ सुती कापडानें पाणी टिपून घ्यावें आणि सावलींत वाळूं द्यावी.